चांदवडच्या कातळावर क्लबचा रविवार : फोर लो, दगड आणि स्पॉटर

कातळवेडा (धागाकर्ता)

मंडळी, रविवारचा वृत्तांत टाकतोय. जरा लांबलाय पण वाचा, कारण ग्रुपवर फोटो बघून बऱ्याच जणांनी विचारलं की हे नक्की काय असतं, पावसाळ्यात चिखलात गाड्या घालतात तेच का. तर ते नाही, हे ओहोळातल्या दगड-कातळावरून फोर बाय फोर गाडी हळूहळू चढवणं-उतरवणं. चिखलात वेग लागतो, गाडी थांबली की रुतलीच. दगडावर बरोबर उलटं. शेजारून चालणारा माणूस पुढे निघून जाईल आणि गाडी मागे राहील इतकं हळू जायचं असतं, आणि खरं सांगतो, ते हळू जाणं शिकण्यासारखी दुसरी मजा ड्रायव्हिंगमध्ये मला तरी सापडलेली नाही.

जागा चांदवडच्या पुढे, मनमाडच्या अंगाला. एका शेतकरी दादांची खडकाळ पड जमीन आहे, तिच्यातून कोरडा ओहोळ जातो. नेमका पत्ता इथे मुद्दाम लिहीत नाही, जमीन त्यांची आहे आणि त्यांनी परवानगी आपल्याला दिलीय, अख्ख्या इंटरनेटला नाही. पहाटे नाशिकहून निघालो, ओझर-पिंपळगाव पट्ट्यात थंडी अशी की काचा पुसत पुसत गेलो. चांदवड सोडलं की हिरवळ संपते, हिवर-बाभळी, निवडुंग, मुरूम आणि काळा दगड. वाळवंट नाही म्हणता येणार, पण जानेवारीतच जमीन अशी कोरडी ठाक की धूळ गाडीच्या आधी निघते.

पोचल्यावर पहिलं काम टायरची हवा कमी करणं. नेहमीची तीस-बत्तीस असते ती अठरावर आणली सगळ्यांनी. हवा कमी केली की टायर दगडाच्या आकाराप्रमाणे दबतो आणि जास्त रबर टेकतं. फार खाली मात्र जायचं नाही, आपल्याकडे कुणाला बीडलॉक, म्हणजे टायरची कड आवळून धरणाऱ्या रिम नाहीत, बारा-तेरावर गेलात आणि आडव्या दगडाला टायर घासला तर त्याची कड रिममधून सुटते.

ओहोळाचे आम्ही तीन भाग केले होते. पहिला गोट्यांचा, सुटे धोंडे, काही नारळाएवढे काही गाडीच्या बॉनेटएवढे. दुसरा पायऱ्यांचा. आपला सगळा बेसॉल्ट लाव्हाच्या थरावर थर साचून झालाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, त्यामुळे ओहोळात कातळ एकेक पायरी करून उतरतो, कुठे वीतभर कुठे गुडघाभर. तिसरा भाग तिरका, डावी चाकं वर उजवी खाली, तिथे गाडीत बसलेल्याला वाटतं आता उलटली, बाहेरून बघणाऱ्याला माहीत असतं की नाही उलटत.

खरा खेळ दुसऱ्या भागात झाला. गुडघाभर पायरी, तिच्या तोंडाशी मधोमध एक टोकदार धोंडा. आपल्यातल्या एकाची नवी थार होती, पुढचं उजवं चाक पायरीवर चढलं, तसं मागचं उजवं हवेत. ते नुसतं फिरायला लागलं, मग मागचा लॉकर, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना एकत्र फिरायला लावणारी सोय, खट् करून लागला आणि गाडी एकदम ढकलली गेली, सरळ नाही, उजवीकडे, म्हणजे त्याच टोकदार धोंड्याकडे. स्पॉटर होते क्लबचे काका, म्हणजे बाहेर उभं राहून हाताच्या खुणांनी गाडी कुठून न्यायची ते दाखवणारे. त्यांनी मूठ वर केली. मूठ म्हणजे थांब, जिथे आहेस तिथे, ब्रेकवरचा पाय हलवायचा नाही. सगळे गप्प. काका वाकून खालून बघून आले, साइड स्टेप आणि दगड यांच्यात दोन बोटं जागा होती. मग वीतभर मागे घेतली, स्टीअरिंग पाव फेरा डावीकडे, आणि जे चाक आपण सगळे दगड *टाळून* नेत होतो ते काकांनी नेमकं त्या धोंड्याच्या माथ्यावर चढवलं. अ‍ॅक्सिलरेटर जवळपास नाहीच, फर्स्ट लो (फोर लो, म्हणजे चारही चाकं जास्त जोराने पण हळू फिरवणारी रेंज, तिचा पहिला गिअर), इंजिन स्वतःच्या चालीनं. टायरचे गट्टे दगडाला धरून दाबले जाताना किरकिर आवाज येतो तो ऐकू येत होता, इतकं हळू. चढली. कुणी ओरडलंच नाही काही क्षण, मग सगळे एकदम.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि वाद घालायचा असेल तर जरूर घाला: आपण गाडी उंच करणारं लिफ्ट किट, मोठे टायर, लॉकर यांच्या गप्पा मारतो, पण त्या पायरीवर गाडी चढवली ती खालून बघणाऱ्या माणसाने. त्याच पायरीवर काकांची जुनी जिप्सी, ना लॉकर ना काही, नुसते पाटे (लीफ स्प्रिंग) आणि कमी वजन, पहिल्याच फटक्यात गेली कारण लाइन, म्हणजे चाकं नेमकी कुठून न्यायची ती वाट, बरोबर होती.

थार_पंचवटी

भारी लिहिलंय भाऊ. एक शंका, माझीही नवीनच थार आहे, डिझेल मॅन्युअल. मागे मेकॅनिकल लॉकर आहे तो आपोआप लागतो ना, मग चाक फिरेपर्यंत थांबायचं का आधीच रेस द्यायची? आणि उतारावर क्लच दाबून ब्रेक लावला तर चालतं का? युट्यूबवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

कातळवेडा

@थार_पंचवटी हो, तो बटणाने लागत नाही, मागच्या दोन चाकांच्या वेगात फरक पडला की स्वतः लागतो. म्हणजे थोडं चाक फिरणारच, त्याला इलाज नाही. पण फिरतंय म्हणून घाबरून एकदम रेस दिली की लागताना जोराचा झटका बसतो आणि गाडी उडी मारते, आणि ती उडी कुठल्या बाजूला जाईल ते तुमच्या हातात राहात नाही. थोडी रेस, स्थिर ठेवायची, वाट बघायची. पुढच्या चाकांना ब्रेकने पकडणारी इलेक्ट्रॉनिक सोय आहे, तिलाही काम करायला क्षणभर वेळ द्यावा लागतो. पुढे काय होतं, माणूस त्याच क्षणी पाय काढतो आणि म्हणतो सिस्टीम चालत नाही.

उतारावर क्लच दाबायचा नाही म्हणजे नाही. फोर लो, फर्स्ट, इंजिनने धरून उतरवायची, ब्रेक नुसता मदतीला. क्लच दाबलात की गाडीला धरणारं सगळं सुटतं आणि मग चारही चाकं ब्रेकने अडकून दगडावरून घसरायला लागतात. आणि अंगठे स्टीअरिंगच्या आत अडकवू नका, चाकाला दगड लागला की स्टीअरिंग फटकन फिरतं.

सायली_गंगापूररोड

मी होते रविवारी, जिम्नी माझी. ज्यांना वाटतं छोटी गाडी आहे, काय करणार, त्यांच्यासाठी लिहिते. बाराशे किलोच्या आसपास वजन आहे, पुढे-मागे दोन्ही अखंड एक्सल आहेत, त्यामुळे एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, ते रस्त्यावर छान पण दगडात पुढचं चाक लवकर उचलतं. गाडीचं पोट मात्र माझं जमिनीच्या जास्त जवळ आहे, २१० मिमी, थारचं २२६. तो फरक कागदावर काहीच नाही, पण गोट्यांमध्ये मला प्रत्येक वेळी जाणवला, दोनदा खालून घासल्याचा आवाज आला आणि पोटात गोळा आला. पेट्रोल इंजिन, १३४ न्यूटन मीटर, थार डिझेलच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे चढावर थोडी रेस धरून ठेवावीच लागते, नुसत्या आयडलवर नाही चढत.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. तिरक्या भागात गाडी कलली तेव्हा माझ्या बाजूने चार जण एकदम बोलायला लागले, ताई डावीकडे घ्या, ताई थांबा, ताई येऊ द्या. काकांनी सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, बाळा, फक्त माझ्या हाताकडे बघ, बाकी कुणी दिसत नाहीये असं समज. त्यानंतर मी खिडकीतून बाहेर बघितलंच नाही. दुसऱ्याच्या हातावर एवढा विश्वास ठेवून गाडी चालवायची मला सवय नव्हती, आणि घरी आल्यावरही मी त्याच गोष्टीचा विचार करत होते.

पाटा_स्प्रिंग (काका)

सायली, तू उत्तम चालवलीस, तुला कुणीही सांगू दे काही.

पोरांनो, स्पॉटरचे नियम नीट लिहून ठेवा, कारण पुढच्या वेळी मी नसेन तर कुणीतरी करायलाच हवं. एका गाडीला एकच स्पॉटर. ड्रायव्हरला तुमचा चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, दिसत नसतील तर गाडी थांबवा. हात ज्या बाजूला, पुढची चाकं त्या बाजूला, डावं-उजवं तोंडाने बोलायचंच नाही कारण समोरासमोर उभं राहिलं की डावं कुणाचं हा घोळ होतो. आणि स्पॉटरने गाडीच्या खालच्या बाजूला, दोन दगडांच्या मध्ये, किंवा गाडी घसरली तर जिथे येईल तिथे कधीच उभं राहायचं नाही. मागे मागे चालत सिग्नल द्यायचा नाही, आधी मागे जाऊन पाय घट्ट करा, मग बोलवा.

दुसरं, रिकव्हरी, म्हणजे अडकलेली गाडी काढणं. रविवारी एका पाहुण्याने टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) पट्टा अडकवायला घेतला होता, मी ओरडलो ते त्याला राग आला असेल पण मला त्याचं काही नाही. तो गोळा ओढकाम करायला असतो, झटका खायला नाही. झटक्यात तुटला तर गोळी सुटल्यासारखा सुटतो आणि समोरची काच फोडून आत येतो, यात माणसं गेलेली आहेत. चासीला बोल्ट केलेल्या हुकलाच शॅकल (लोखंडी कडी). विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) ओढताना दोरावर गोणपाट किंवा जुनी सतरंजी टाका आणि दोराच्या लांबीएवढ्या अंतरात कुणी उभं नको. गाडी दगडात अडकली असेल तर कायनेटिक, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या दोराने हिसका मारायचा नाही, तो चिखलासाठी आहे. दगडात अडकलेल्या गाडीला हिसका मारलात तर एक तर हुक उपटेल नाही तर चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) फुटेल. जॅकने उचला, चाकाखाली दगड भरा, खाली सोडा. वेळ लागतो. लागू दे.

वाळवंटातला_नाशिककर

नमस्कार मंडळी, मूळ सिडकोचा, सध्या अ‍ॅरिझोनात फिनिक्सला असतो, धागा वाचून राहवलं नाही. इकडे या खेळाची दोन मोठी ठिकाणं, युटामधलं मोआब आणि कॅलिफोर्नियात मोहावी वाळवंटातली जॉन्सन व्हॅली. मोआबला १९६७ पासून दर ईस्टरला जीप सफारी भरते. तिथला दगड वालुकाश्म, कोरडा असेल तर पॉलिश पेपरसारखी पकड, इतका तिरका चढ गाडी चढते की डोळ्यांवर विश्वास बसत नाही. आपला बेसॉल्ट तसा नाही, ओहोळातले गोटे पाण्याने घासून गुळगुळीत झालेले असतात, त्यामुळे मोआबचे व्हिडिओ बघून चांदवडला त्या कोनात गाडी घालू नका एवढंच मी म्हणेन.

जॉन्सन व्हॅली ही वेगळीच चीज आहे. २००७ पासून तिथे किंग ऑफ द हॅमर्स ही शर्यत होते, पहिल्या वर्षी फक्त १३ गाड्या होत्या, आता कोरड्या तळ्यावर तंबूंचं अख्खं गाव उभं राहतं. स्लेजहॅमर, जॅकहॅमर, चॉकलेट थंडर अशी दऱ्यांमधल्या वाटांची नावं आहेत, आणि दगड म्हणजे फ्रीजएवढे, घराएवढे, एकावर एक रचलेले. त्यातली अडचण अशी की त्या दऱ्यांपर्यंत पोचायला मऊ वाळू ओलांडावी लागते. वाळूत वेग सोडायचा नाही आणि दगडात वेग धरायचा नाही, एकाच दिवसात, एकाच गाडीने. म्हणून तिकडे चाळीस इंची टायर, बीडलॉक, पुढे-मागे लॉकर आणि लो रेंज पण वेगळीच. रँग्लर रुबिकॉनला कंपनीतूनच ४:१ ट्रान्सफर केस (लो रेंज देणारा जादा गिअरबॉक्स) येते, थारची अडीचच्या आत, जिम्नीची दोन. जेवढा आकडा मोठा तेवढी चाकं हळू फिरतात आणि जोर जास्त.

आणखी एक, उष्णता. गाडी चालीच्या वेगाने चढतेय म्हणजे रेडिएटरला समोरून वारा नाही, फक्त पंख्यावर सगळं. चांदवडला जानेवारीत ठीक आहे, एप्रिलमध्ये कुणी जायचं म्हणालं तर कूलंट, पंखा, फॅन बेल्ट आधी बघा. आणि पाणी गाडीसाठी वेगळं आणि माणसांसाठी वेगळं.

कातळवेडा भाऊ, तुमच्या मुद्द्याशी मात्र अर्धाच सहमत. स्पॉटर हवाच, पण इकडच्या दगडात लॉकरशिवाय कितीही चांगला स्पॉटर असला तरी गाडी नाही चढत.

कातळवेडा

@वाळवंटातला_नाशिककर दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. जॉन्सन व्हॅलीबद्दल तुमचं बरोबरच असणार, तिथले दगड त्या गाड्यांसाठी आणि त्या गाड्या त्या दगडांसाठी. मी बोलतोय ते आपल्या ओहोळांबद्दल, जिथे घरची गाडी न्यायची आणि त्याच गाडीत सोमवारी ऑफिसला किंवा पोरांना शाळेत सोडायला जायचं. तिथे आधी नजर तयार होऊ दे, मग पैसे घाला.

अंबड_लिंक_रोड

पैसे घालण्याबद्दल एक सांगतो, मोडिफिकेशनचं काम जवळून बघितलंय. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर स्पष्ट सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. बुलबारवर (पुढच्या बंपरवरच्या लोखंडी कठड्यावर) डिसेंबर २०१७ पासूनच बंदी. मोठा लिफ्ट, फेंडरच्या बाहेर येणारे टायर हे सगळं आरटीओच्या नजरेत येतं. विम्याचंही बघा, पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, शर्यत, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल असलं वगळलेलं असतं, क्लबच्या दिवशी चेंबर फुटला तर क्लेम मिळेलच असं धरून जाऊ नका. ज्याला खरंच लॉकर दोन्हीकडे हवेत त्याने फोर्सची गुरखा बघावी, पुढे-मागे दोन्ही लॉक कंपनीतूनच येतात. फक्त पुढचा लॉक लागलेला असताना स्टीअरिंग जड होतं, वळायच्या आधी काढायचा.

राहुल_भो

एवढं सगळं वाचलं, मस्त. पण चांदवडपर्यंत कशाला जायचं भो, त्र्यंबकच्या बाजूला ओढे काय कमी आहेत का, जुलैत पाणी पण असतं, दगड पण आणि पाणी पण, डबल मजा. घोटी-इगतपुरीकडे पण आहेत.

सिन्नरकर

@राहुल_भो नको भाऊ, आणि हे मी गाड्या आवडत नाहीत म्हणून नाही सांगत. तिकडचा बराच भाग वनखात्याचा आहे, तिथे परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हा आहे. आणि पावसाळ्यात त्या गोट्यांवर शेवाळ धरतं, माणूस उभा राहात नाही तिथे गाडी काय राहणार. वर पाऊस पडला की खाली ओढ्याला पाणी किती आणि कधी येईल सांगता येत नाही.

मी धाग्यावर आलोय ते दुसऱ्या कारणाने. आमच्या गावात पाणलोटाच्या कामात मी अनेक वर्षं आहे. ओहोळात आडवे रचलेले दगड दिसतात ना, ते कुणी उगाच नाही ठेवलेले, ते अनघड दगडी बांध आहेत, पाण्याचा जोर मोडायला आणि माती अडवायला. ऑफ-रोडवाले त्याच बांधाचे दगड काढून चाकाखाली भरतात, मी स्वतः बघितलंय आमच्याकडे. दहा मिनिटांत काढलेल्या दगडांची माती पहिल्या पावसात खाली जाते आणि ती परत येत नाही. तुम्ही लोक जमीनमालकाला विचारून जाता हे वाचून बरं वाटलं, पण मालकाला विचारणं पुरेसं नाही, ओहोळ पुढे दुसऱ्याच्या शेतात जातो, गुरं त्याच डबक्यात पाणी पितात.

आणि टिटवी. ती घरटं बांधत नाही, उघड्या मुरमात खड्यांमध्ये अंडी घालते, मार्चपासून पुढे, खड्यांच्याच रंगाची. तुम्ही पायी चालत असलात तरी दिसत नाहीत, गाडीतून तर शक्यच नाही. येवल्याकडे ममदापूरला काळविटांचं संवर्धन राखीव आहे, त्या बाजूच्या माळावर तर जाऊच नका.

सायली_गंगापूररोड

दगडी बांधांचं मला माहीतच नव्हतं. रविवारी आम्ही चाकाखाली भरलेले दगड ओहोळातले सुटे होते, काकांनी नंतर परत जागच्या जागी टाकायला लावले होते तेव्हा कंटाळा आला होता, आता कळलं का.

कातळवेडा

@सिन्नरकर दादा, तुमचा प्रतिसाद या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि मी क्लबच्या ग्रुपवर जसाच्या तसा टाकतोय. काही गोष्टी आम्ही आधीपासून करतो: निघायच्या आधी प्रत्येक गाडीच्या खाली पुठ्ठा ठेवून तेल गळतंय का बघायचं, गळत असेल तर ती गाडी येत नाही. लाकडाचा भुसा आणि पत्र्याचा ट्रे सोबत असतो. ओहोळात पाण्याचं एक डबकं होतं तिथून सगळ्यांना वरून वळवलं. पण टिटवीचं आणि बांधांचं नव्हतं डोक्यात. यापुढे ठरवून टाकू, दिवाळीनंतर ते फेब्रुवारी अखेर एवढाच मोसम, मार्च लागला की बंद. आणि जाण्याच्या आदल्या दिवशी दोघं-तिघं पायी चालून येतील, बांध असतील तिथे चुन्याची खूण. तुम्ही एकदा सोबत चालाल का? आम्हाला ओळखू येत नाहीत ते तुम्हाला येतील.

@राहुल_भो शिकायचंच असेल तर इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड ट्रेनिंग अकॅडमी आहे, चढ-उतार, तिरका भाग, खड्डे सगळं आखून बनवलेलं, शेजारी शिकवणारा माणूस. तिथे एक दिवस करून या, मग आमच्याबरोबर चला, गाडी नसली तरी चालेल, स्पॉटर कमी पडतात आम्हाला.

सिन्नरकर

येतो की. पायीच चालायचंय ना, सकाळी लवकर निघू, ऊन चढायच्या आत. चुना नको पण, पावसापर्यंत दिसत राहतो आणि गुरं चाटतात. काठीला लाल चिंधी बांधून रोवू, येताना काढून आणू.

थार_पंचवटी

माझं नाव लिहा पुढच्या वेळेला. हवा भरायला कंप्रेसर आहे माझ्याकडे, आणि एक्स्ट्रा शॅकल पण. काका, टो हुक आधी येऊन दाखवतो तुम्हाला, बरोबर जागी बोल्ट केलाय का बघून सांगा.

पाटा_स्प्रिंग (काका)

शनिवारी संध्याकाळी ये. गाडी धुऊन आण, चिखलाखाली बोल्ट दिसत नाही.